मळका स्पंज

दोघी सख्ख्या बहिणी नव्हत्या, पण पार्लरमध्ये येणाऱ्या बायका त्यांना मोठी आणि धाकटी म्हणायच्या आणि दोघींनाही ते आवडायचं. मोठी केस कापायची, धाकटी रंगवायची. एकीने हात मागे केला की दुसरीने न विचारता कंगवा द्यायचा, इतकं त्यांचं जमलेलं होतं.

पार्लरमध्ये माशांची छोटी काचेची टाकी ठेवायचं मोठीच्या डोक्यातून निघालं. तिने पाणी भरलं, फिल्टर लावला आणि मग मासे आणायचं नावच घेईना. माशांच्या घाणीने पाणी विषारी होतं. ते विष पचवणारे जंतू आधी फिल्टरमधल्या स्पंजात वाढू द्यावे लागतात आणि त्यांना घाई चालत नाही, हे तिने नीट समजून घेतलं होतं. त्या जंतूंसाठी ती रिकाम्या पाण्यात रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायची. गिऱ्हाइकांना आयताच विषय मिळाला. कुणी विचारायची, मासे लाजतात का. कुणी म्हणायची, आमचे हेसुद्धा असेच, घरात असून दिसत नाहीत. धाकटी मात्र मोठीची बाजू घेऊन भांडायची. नळीत टाकीतलं थोडं पाणी घेऊन, त्यात औषधाचे थेंब टाकून, विष आहे की नाही ते रंगावरून ओळखायलाही ती शिकली. स्पंज तपकिरी, बुळबुळीत झाला तेव्हा तो कधी नळाखाली धुवायचा नाही, टाकीचा सगळा जीव त्या मळातच असतो, हे मोठीने तिला किती हौसेने सांगितलं होतं.

मग धाकटीने वेगळं व्हायचं काढलं. रस्त्याच्या पलीकडे, स्वतःचं पार्लर. मोठीच्या पायाखालची जमीन सरकली, पण तिने तोंड वाकडं केलं नाही; हवं ते घेऊन जा म्हणाली. धाकटीने आपली खुर्ची आणि रंगाचे ब्रश तेवढे उचलले, किल्ली परत दिली आणि गळ्यात पडून रडली. इतकं थोडं कोण नेतं हल्ली, असं मोठी घरी नवऱ्याला कौतुकाने सांगत बसली.

पाणी तयार असल्याचं दोघींनी मिळूनच तपासलं होतं. म्हणून पुन्हा न बघता मोठीने मासे आणून सोडले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. मोठीने नळीत पाणी घेतलं; पिवळं राहायला हवं ते थेंब पडताच विषाने हिरवं झालं. तिने फिल्टर उघडला. आत स्पंज होता, पांढराशुभ्र, कोरा करकरीत.

चोर असता तर टाकी उचलली असती. तो मळ कामाचा आहे हे तिच्याखेरीज एकाच बाईला ठाऊक होतं. मोठीला आधी विश्वासच बसेना, मग अंगाची लाहीलाही झाली. ती तशीच रस्ता ओलांडून गेली. तिथे चांगली ऐसपैस टाकी होती आणि मासे मजेत फिरत होते.

धाकटी खोटं बोलली नाही. "उद्घाटनाला रिकामी टाकी कशी ठेवणार, ताई? तुझ्यासारखं थांबणं मला जमत नाही."

"मागितला असतास तर निम्मा कापून दिला असता."

"आणि नाही म्हणाली असतीस तर?"

इतक्या वर्षांनी ही बाई आपल्याला एवढंच ओळखते, हे मोठीला चोरीपेक्षा जास्त लागलं. धाकटी कात्री शोधायला लागली, आत्ता निम्मा देते म्हणाली. पण तिच्या हातचं आता काहीच नको होतं. मोठी परत गेली आणि मासे बादलीत काढून घेऊन आली. तिचा संताप ओसरेपर्यंत ते जगणार नव्हते आणि जवळपास जिवंत पाणी होतं ते इथेच. बादलीत थोडं थोडं इथलं पाणी मिसळत तिने ते एकेक करून धाकटीच्या टाकीत सोडले.

धाकटीने खुर्ची पुढे केली. मोठी उभीच राहिली. मासे खाली उतरून शांतपणे पोहायला लागल्यावर तिने बादली उचलली.

"दिवसातून एकदाच खायला घाल त्यांना," म्हणाली आणि निघाली.