सिस्टरबाईंचा निळा दिवा

आमच्या केडगावात समुद्राला भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते सात होती. त्यानंतर कोणी आलंच, तर सिस्टरबाई ओठांवर बोट ठेवून त्याला दारातूनच परत पाठवायच्या. मग तो सरपंच असो नाहीतर सख्खा जावई.

सिस्टरबाई म्हणजे आमच्या शेजारीण. जन्म राहुरीकडच्या खेड्यातला, हयात नगरच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून गेलेली. निवृत्त झाल्यावर लोक घरावर मजला चढवतात. बाईंनी मुंबईत कुणाकडे तरी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी पाहिली आणि तशीच पुढच्या खोलीत आणून बसवली. आत नारिंगी पट्ट्यांचे मासे आणि दगडांवर जिवंत प्रवाळ. लाईट गेली की घरातला पंखा थांबायचा. इन्व्हर्टर फक्त समुद्राला होता.

"बाई, हा फ्लॉवर भाजीला चालतो का?" प्रवाळाकडे बघून मी पहिल्यांदा विचारलं.

"जित्ता जीव हाय तो! खाट नंबर तीन. अन् हळू बोल, बाळ."

पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला मी त्यांच्या लेखी बाळ, आणि टाकीतले सगळे पेशंट. रोज सकाळी चहाच्या आधी राउंड व्हायचा. एखादा मासा कोपऱ्यात गप्प दिसला की मला हाक यायची, जणू मी त्याचा नातेवाईक.

रात्री मोठे दिवे मालवले की टाकीत मंद निळा दिवा लागायचा, चांदणं पडावं तसा. त्यात प्रवाळ हिरवे चमकायचे. हा दिवा पहाटेपर्यंत जळायचा. "वार्डात कंदी पुरता अंधार करीत न्हाईत. पेशंट घाबरतो," असं बाईंचं शास्त्र होतं. त्यांची स्वतःची खाट टाकीला खेटून होती. नवरा गेल्यापासून त्या तिथंच झोपायच्या.

मग खाट नंबर तीन आजारी पडला. आक्रसला, फिका पडला, उघडेचना. बाईंचा जीव खालीवर. शेवटी टाकी बसवणारा नगरहून आला आणि निळ्या दिव्याकडे बघून म्हणाला, "हा रात्रभर चालू असतो? सिस्टर, निळा असला तरी उजेडच तो. घटकाभर ठेवा, मग बंद करा. त्यांना अंधार लागतो."

"मला शिकवतोस व्हय? जल्म गेला माझा रातपाळीत!"

"पण हे पेशंट नाहीत."

एवढं बोलून त्यानं आपला चहा गमावला. बाईंनी कप उचलून सरळ आत नेला.

तो गेल्यावर मात्र त्या टाकीपुढे बसून राहिल्या. "अंधारात भ्या वाटतं रे," म्हणाल्या.

"माशांना?"

"मला."

एवढी खमकी बाई. डॉक्टर जिला टरकून असायचे.

त्या रात्री त्यांची खिडकी पहिल्यांदाच काळी झाली. काळजीनं मी ओट्यावर येऊन उभा राहिलो. आतून त्यांचा आवाज आला, "झोपा आता. मी हाय हितंच." नक्की कोण कोणाला धीर देत होतं, देव जाणे. पुढे तेच रोजचं झालं. हळूहळू प्रवाळ उघडला आणि बाईंनी गल्लीत पेढे वाटले. पेशंट नसलेल्याचा डिस्चार्ज असा थाटात झाला.

गेल्या वर्षी त्या स्वतःच आजारी पडल्या. त्यांच्याच जुन्या दवाखान्यात, त्यांच्याच वार्डात. टाकीचा चार्ज माझ्याकडे आला. रात्री मी भेटायला गेलो, तेव्हा वरचा दिवा डोळ्यांवर येत होता आणि त्या तळमळत होत्या. नर्सला विचारून मी तो बंद केला. खुर्ची खाटेशी ओढली.

"झोपा आता सिस्टर. मी आहे इथंच."

डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं, झोप लागली.

"तू हितं," त्या पुटपुटल्या, "मग तिकडं दिवा कोन बंद करनार?"

"बायकोला सांगून आलोय."

"अन् ती म्हनती का त्यास्नी, मी हाय म्हनून?"

"म्हणते."

"मग बस," त्या म्हणाल्या, आणि अंधारात शांत झोपल्या.