नियम चिकटवतानाचा फोटो

धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी प्रशासन सांभाळते. वॉर्डात फोटो काढू नये, पेशंटची माहिती मोबाइलवर टाकू नये, हे नियम मीच लिहिले. त्यावर नर्सेसना तासभर भाषणही दिलं. एकीने वॉर्डातल्या केकचा फोटो स्टेटसला ठेवला होता. तिला सगळ्यांसमोर असं झापलं, की बिचारीने केक खाणंच सोडलं असेल.

मग नियमांचा कागद नर्सिंग काउंटरमागे चिकटवला. एवढं मोठं कार्य, पुरावा नको? कागदावर बोट ठेवून, मान तिरपी करून फोटो काढून घेतला आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'गोपनीयता हीच खरी सेवा'. संध्याकाळभर किती जणांनी पाहिलं ते मोजत बसले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

कागदाशेजारी पांढरा फळा होता. त्यावर बेड नंबर, नाव आणि दुसऱ्या दिवशीचं ऑपरेशन. मला त्या फोटोत फक्त मी दिसले. कळमेश्वरच्या माझ्या मावसबहिणीने मात्र फोटो मोठा करून तिच्या गल्लीतल्या एका बाईंचं नाव वाचलं, पुढचं 'स्तनाची गाठ'ही वाचलं. त्या बाई भावाकडे जाते असं घरी सांगून आल्या होत्या, कारण मुलीची बारावीची परीक्षा सुरू होती. बहीण सकाळीच मुलीला धीर द्यायला गेली. अकराला केमिस्ट्रीचा पेपर होता. मुलगी पेपर सोडून बसने थेट आमच्या वॉर्डात आली.

मी स्टेटस काढलं आणि माफी मागायला गेले. मुलगी आईच्या कॉटला धरून रडत होती. माझी माफीही माझ्या भाषणासारखीच लांबलचक होती. बाईंनी ती सगळी ऐकून घेतली.

"मॅडम, मी पंधरा दिवस घरात हासत राहिली, पोरीले समजू देलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्याच्यानं एक दिवस राहवलं नाही काहून?"

लाजेने मला वर बघवेना. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर आलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"तुमाले नियम मालूम असतात. आता गेली तं बसू देतील का हिले पेपरले?"

पावणेबारा वाजले होते. मी नाही म्हणाले.