यासीनचाचांची जोडी

पँटची उंची कमी करायला मी यासीनचाचांच्या दुकानात पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी मापांच्या वहीत माझी कंबर लिहिली, उंची लिहिली आणि खाली न विचारताच लिहिलं, 'पिल्लू एक'.

"कसलं पिल्लू?"

"कॅनरीचं. सर, तुमचा नंबर पैला."

पुढं कळलं की पहिला नंबर त्यांनी अख्ख्या आळीला देऊन ठेवला होता.

चाचा मॉरिशसला कपड्यांच्या कारखान्यात बारा वर्षं मशीन चालवून कोरेगावला परतले होते. आल्यावर मिरजेहून पिवळ्याधमक कॅनरींची जोडी आणली आणि दुकानाच्या दारात टांगली. "तिकडं ह्यांचं भाऊबंद कुणीतरी पिंजऱ्यातनं नेलं," ते सांगत. "सुटलं, उसात शिरलं आन तितलंच झालं. मी बी तसाच गेल्तो. पर मी काय रमलो न्हाई."

जोडी एकत्र ठेवली की एकमेकांना टोचायची, म्हणून पिंजरे दोन. "नवरा-बायकू हाय, भांडणारच," चाचा म्हणत आणि आतून चाची मोठ्यानं खाकरत. दोन्ही पक्षी दिवसभर गात. येणारा-जाणारा डोकावे, "चाचा, अंडी घातली का?"

"धीर धरा. अंड्याला घाई चालत न्हाई."

विचारायला आलेला माणूस बाकावर टेके, चहा होई आणि उसवलेली पिशवी तरी शिवायला टाकून जाई.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. एकदा सहज वाचण्यात आलं की कॅनरीत गातो तो नर, मादी सहसा गात नाही. इथं तर दोन्ही गात होते. आळीला कळलं तर म्हाताऱ्याची पार शोभा होणार. दुकान रिकामं बघून मी हळूच म्हणालो, "चाचा, हे दोन्ही नर आहेत."

चाचांनी मशीन थांबवलं नाही. "आवं सर, हळू बोला. मला पैल्या आठवड्यातच कळलंय."

"मग ही वही?"

त्यांनी दातानं दोरा तोडला. "परत आलो तवा सा म्हैनं ह्या दारात कुणी फिरकलं न्हाई. समद्यांस्नी रेडिमेड लागतंय. आता बघा, रोज धा माणसं अंड्यांची चौकशी करत्यात. पिल्लं वाटून बसलो तर उद्या कोण येतंय?"

मला स्वतःचीच लाज वाटली. समोरच राहून त्या सहा महिन्यांत मीही कधी डोकावलो नव्हतो.

गेल्या वर्षी चाचा गेले. चाळीस दिवस झाल्यावर चाची एक पिंजरा घेऊन माझ्या दारात आल्या. "सर, वहीत तुमचं नाव पैलं हाय. पिल्लू न्हाई, बापच घ्या."

आता एक पक्षी माझ्या दारात, एक समोर चाचींच्या. सकाळी हा सुरू झाला की तिकडून तो ओरडतो. लोक अजून थांबतात, "सर, पिल्लं कवा?"

"धीर धरा," मी सांगतो. "अंड्याला घाई चालत नाही. आणि मादी चाचींकडं आहे. चौकशी तिकडं करा, चहा पिऊनच या."