जिनिंगमधली दुसरी बाई

सत्काराला आला नाही, एवढ्या एका कारणावरून मी एका भल्या माणसाला संशयित ठरवलं होतं. ही कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको.

तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान ठाण्याची ठाणेदार होते. त्या ठाण्यातली पहिली बाई ठाणेदार. चाळिशी कधीच उलटली होती, पण डोक्यात हवा विशीतली. समोरच्याचं तोंड पाहिलं की गुन्हा कळतो, असं ती बाई खुशाल बोलून दाखवायची. तिचे फोटो आहेत माझ्याकडे. गणवेशाला इतकी कडक इस्त्री की बसताना त्रास व्हावा. नातवंडं ते फोटो पाहून हसतात. मीही हसते.

नावं कुणाची लिहीत नाही. माणसं अजून त्याच गावात आहेत.

फेब्रुवारीतली दुपार होती. गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याला आग लागल्याचा फोन आला. जिल्ह्याच्या गावाहून बंब यायला पाऊण तास तरी लागणार. म्हणून गावातल्या अकरा जणांनी आपलं आपण एक पथक केलं होतं. पगार नाही, गणवेश नाही. एक ट्रॅक्टर, पाण्याचा टँकर, पंप, लांब पाइप आणि ओली करून अंगावर घ्यायला गोणपाटं. पथकाचे म्होरके गावातले किराणावाले काका. बाकीचे शेतकरी, दुकानदार, एक मास्तर आणि एक वेल्डिंगवाला. गवताच्या गंज्या आणि गोठे त्यांनी बरेच विझवले होते. जिनिंग पहिल्यांदाच.

कापसाची आग विचित्र असते. वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. मी पोचले तेव्हा कापसाच्या गंजीच्या शेडमधून पांढरा धूर लोटत होता. या शेडमध्ये बाया कापूस ओढून एका जाड पत्र्याच्या पाइपात लोटतात, आणि पंख्याच्या ओढीनं तो पलीकडे जिनाच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्राच्या, खोलीत जातो. बहुतेक बाया पळाल्या होत्या. केळझरकडची एक मावशी मात्र गंजीमागे अडकली होती. वेल्डिंगवाला ओलं पोतं डोक्यावर घेऊन आत शिरला आणि तिला घेऊन बाहेर आला. थोड्याच वेळात जिनाच्या खोलीचं छत बसलं. मुकादमानं माणसं मोजली. सगळी होती. कुणी दगावलं नाही.

चौथ्या दिवशी गावात सत्कार झाला. अकरा खुर्च्या, अकरा शाली, अकरा नारळ. मंचावर मी होतेच, ती इस्त्री काय उगाच केली होती? दहा जण आले. अकरावी खुर्ची शेवटपर्यंत रिकामी. ज्यानं बाई वाचवली, तोच गायब. मी त्या खुर्चीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, पाणी मुरतंय.

दुसऱ्या दिवशी जिनिंगचा चौकीदार ठाण्यात आला. म्हणाला, वेल्डिंगवाला रोज दुपारी मागच्या तारेतून आत येतो, लोखंडी सळईनं जिनाच्या खोलीतली राख उकरतो आणि कुणी हटकलं की निघून जातो. वर त्यानं आणखी एक सांगितलं. आगीच्या दोन दिवस आधी याच माणसानं तिथल्या एका पत्र्याला वेल्डिंग केलं होतं.

झालं. माझ्या डोक्यात गुन्हा पूर्ण तयार. ठिणगी याची, आग याची, आणि आता पुरावा उकरून नेतोय. लाजेनं सत्काराला आला नाही. जमादारांना मी हे मोठ्या थाटात ऐकवलं. जमादार म्हणजे आमचे जुने हवालदार, निवृत्तीला आलेले, ठाण्यातल्या भिंतींपेक्षा मुरलेले. ते फक्त हं म्हणाले. त्यांच्या हं चा अर्थ मला फार उशिरा कळू लागला.

पथकातल्या चौघांचे जबाब घेतले, आणि माझा संशय आणखी फुगला. एक म्हणाला शेडचं दार उघडं होतं. दुसरा म्हणाला बंद होतं, लाथ मारून उघडलं. तिसरा म्हणाला तिकडे दारच नाही. किराणावाले काका जबाब देता देता मध्येच उठून बाहेर जाऊन आले आणि कुठवर बोललो होतो ते विसरले. एक जण रोज टँकर घासूनपुसून धूत होता, दिवसातून चार-चार वेळा. मास्तर पानठेल्यावर आगीची गोष्ट हसत हसत सांगायचे, आणि हसणं थांबवता येत नाही असं त्यांचं तोंड व्हायचं. मी स्टेशन डायरीत लिहिलं, 'जबाब विसंगत, वर्तन संशयास्पद.' आगीत शिरून आलेल्या माणसांनी कसं वागावं, याचा जणू माझ्याकडे नमुना होता.

वेल्डिंगवाल्याला नोटीस देऊन बोलावलं. पस्तिशीचा, अंगानं मजबूत. समोर बसला आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिला. सत्काराला का आला नाहीस, हा माझा पहिला प्रश्न. आग कशी लागली हा दुसरा. आज लाज वाटते ती त्या क्रमाची.

तो म्हणाला, "मॅडम, एक बाई आत राह्यली."

"कोण बाई?"

"मालूम नाई. पाह्यली नाई मी. आयकली. जिनाच्या खोलीतून बोंबलत होती, 'मी अठी हाय, मी अठी हाय.' मी तिकडं जाऊनच राह्यलो होतो, तेवढ्यात मांगून हाका आल्या का बाई गंजीत हाय. मी वळलो. मावशीले काढलं. माघारी येतो त छत बसलं होतं." मग डोळे पुसत म्हणाला, "मी वळलो नसतो त ते वाचली असती."

मी त्याला बाहेर बसवलं आणि जमादारांना म्हटलं, बनवतोय. जमादार म्हणाले, "बनवाचं असतं त यापेक्षा बरं बनवलं असतं यानं."

माझी गाडी तिथून उलट्या दिशेनं धावली. आता मला वाटलं, हजेरी पुस्तकात नाव नसलेली मजूर असेल आणि मालक लपवत असेल. जेसीबी लावून पंचांसमक्ष जिनाच्या खोलीतला पत्रा, राख, विटा सगळं उलथून पाहिलं. काही नाही. मजुरांच्या खोल्या पाहिल्या. मध्य प्रदेशातून आलेल्या एकेकीच्या घरी फोन लावले. सगळ्या जिवंत, सगळ्या सापडल्या. वर मालक माझ्यावर चिडला, मुकादम चिडला, आणि पथक तर फारच चिडलं. किराणावाले काका मला म्हणाले की याच्या एका बोलण्यानं आम्ही दहा जण बाईला जळत सोडून आलेले ठरलो. त्यांनी वेल्डिंगवाल्याशी बोलणं टाकलं.

म्हणजे गुन्हा नाही, प्रेत नाही, बेपत्ता कुणी नाही. मग हा माणूस रडतो कशाला? मला काही केल्या उमगेना. माणूस मेलं तर रडावं, न मेलेल्या माणसासाठी कसलं रडणं? इतकी वर्षं नोकरी करून मी ठाण्यात तोंड वासून बसले होते.

त्यात वेल्डिंगवाल्याची बायको आली. लहानखुरी, तोंडाची फाटकी. पदर खोचून टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली की तुमचा पंचनामा झाला असेल तर आमच्या घरचा करा. दुकान बंद आहे. वेल्डिंगची ठिणगी उडाली की हातातलं काम टाकून उठतो. काल एका शेतात गवत पेटलं, पथकाचा ट्रॅक्टर निघाला, हा धावत रस्त्यापर्यंत गेला आणि ट्रॅक्टरवर चढताच आलं नाही. तसाच उभा राहिला.

"गॅस पेटवला का हे घराबाहेर पयते," ती म्हणाली. "शेजारणीच्या चुलीवर सैपाक करून राह्यली मी. मले इचारते, मी पागल झालो का? आता मी का सांगू?"

मी तिला चहा पाजला. मग पोलीस जे करतात ते केलं. पुन्हा घटनास्थळी जायचं ठरवलं.

दुपारी मी, तो आणि जमादार जिनिंगवर गेलो. जमादार गंजीच्या शेडमध्येच थांबले, सावलीला. मी त्याला घेऊन वळसा घालून जिनाच्या खोलीत गेले. छत नव्हतं, वर सरळ आभाळ. त्यानं आपली जागा दाखवली, आवाज कुठून आला ती भिंत दाखवली. मी म्हटलं, अरे, तिथे माणूस उभं राहील एवढी जागा तरी आहे का? तो म्हणाला नाही. पण आवाज तिथूनच आला.

आणि त्याच भिंतीतून एक आवाज आला. अगदी स्वच्छ. आमच्या जमादारांचा.

"मॅडमच्या डोस्क्यात का शिरलं का मालूम. त्या वेल्डिंगवाल्याले घेऊन राखेत उभी हाय. तिले सोतालेच समजून नाई राह्यलं का हा गुन्हा हाय का नाई. मले वेळ होते, तू जेवून घेजो."

मी कान टवकारले. ते राग आल्यामुळे टवकारले, तपासासाठी नव्हे, हेही इथे नमूद करते. भिंतीतून कापसाच्या पाइपाचं वाकलेलं तोंड बाहेर आलं होतं. दुसरं टोक गंजीच्या शेडमध्ये, आणि तिथे आमचे जमादार निवांत टेकून बायकोशी फोनवर बोलत होते. रोज त्या पाइपात पंख्याची घरघर असते. आगीच्या दिवशी वीज बंद केली होती. पंखा थांबलेला.

वेल्डिंगवाला राखेत खाली बसला. म्हणाला, "असाच, मॅडम. इकडूनच."

मावशीला गाडी पाठवून बोलावून घेतलं. तो आवाज आपला होता हे तिनं मुळी मान्यच केलं नाही. "मी काऊन बोंबलू? माह्या तोंडात त पदर होता." मग मी तिला गंजीच्या शेडमध्ये नेऊन विचारलं, अडकलात तेव्हा कुठे होता? ती इकडे तिकडे फिरली, पाइपाच्या तोंडाशी आली आणि थबकली. तिथे धूर जरा कमी होता म्हणून आत तोंड खुपसलं होतं, हे तिला तेव्हा आठवलं. बाकी नाही. मी तिला म्हटलं, जे त्याला ऐकू आलं ते एकदा म्हणून पाहा. पंच उभे, जमादार उभे, पथकातले सहा-सात जण तमाशा पाहायला आलेले. मावशी लाजली. पहिल्यांदा हसत हसतच म्हणाली. दुसऱ्यांदा पाइपात तोंड घालून म्हणाली, "मी अठी हाय."

तिसऱ्यांदा तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती स्वतःच ओरडली, पोटातून. मग पत्र्याला धरून रडायला लागली. त्या दिवशीचं सगळं तिला आत्ताच आठवलं असावं.

पाइपातून उत्तर आलं. "आलो, मावशी. थांबा तठीच."

पलीकडच्या राखेतून, भिंतीला वळसा घालून वेल्डिंगवाला आला. त्या दिवशीच्या वाटेनंच. तिचा हात धरला आणि तिला शेडमधून उन्हात आणलं. किराणावाले काका टाळ्या वाजवतील असं मला वाटलं, पण ते ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभे होते आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. रोज टँकर धुणारा माणूस गेला आणि त्यांच्याजवळ नुसता उभा राहिला. मास्तरांनी त्या दिवशी कुणालाही गोष्ट सांगितली नाही. हे पंचनाम्यात कसं लिहायचं ते मला समजेना. 'प्रात्यक्षिक घेण्यात आले' एवढंच लिहिलं.

आग लागली होती ती कापसासोबत यंत्रात गेलेल्या खड्याच्या ठिणगीमुळे, असा तपासणीचा अहवाल नंतर आला. आकस्मिक जळिताची नोंद झाली, प्रकरण बंद.

आता, तो आवाज खरंच मावशीचा होता का? मी शपथेवर सांगू शकत नाही. पाइपाचा तो प्रकार पुरावा म्हणून कुठल्या कोर्टात टिकला नसता. पण मला एक मात्र कळलं, तेही बऱ्यापैकी उशिरा. चोरांचे जबाब जुळतात, कारण ते बसून जुळवलेले असतात. आगीतून आलेल्या माणसांचे जुळत नाहीत. त्यांच्यातल्या प्रत्येकाची आग वेगळी असते, आणि ती कापसासारखी आतून धुमसते. आपण वरून पाणी मारतो, शाल घालतो, नारळ देतो आणि घरी जातो. त्यानंतर मी पथकाला दर आठवड्याला ठाण्यात चहाला बोलवायचे. कुणी बोलायचं, कुणी नुसता चहा पिऊन जायचं. यानं काय होतं ते मला नीट माहीत नव्हतं. जमादारांना विचारलं तर ते हं म्हणाले.

उन्हाळा संपता संपता वेल्डिंगवाला ठाण्याचं फाटक दुरुस्त करायला आला. ठिणग्या उडत होत्या, हात स्थिर होता. काम झाल्यावर त्यानं डोळ्यांवरची काच वर केली. मी विचारलं, आता तो आवाज येतो का? त्यानं खोटं बोलायचं टाळलं, माझ्यासारख्या ठाणेदारासमोरसुद्धा.

"येते ना, मॅडम. जेवताना येते, काम करताना येते. पन आता तो मावशीचा येते. अन् मावशी त घरी हाय."