भाचीच्या सामन्याचे तिकीट

"भाचीच्या खेळाले मामा टिकीट काढते काय जी?"

आंधळगावच्या फाटकावर हा प्रश्न मला एकाच संध्याकाळी इतक्या तोंडांनी विचारण्यात आला की शेवटी मी उत्तर देणेच सोडले. फाटकाबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. फाटकाआत खुर्च्या रिकाम्या होत्या. खिडकीत बसलेले माझे सहकारी बळीरामजी तिकिटांची गड्डी हातात धरून माझ्याकडे पाहत होते, आणि आत दोन महिला संघ मैदानात उतरण्याच्या तयारीत होते.

या प्रसंगाच्या अनेक कहाण्या आज सांगितल्या जातात. गावच्या क्रीडा मंडळाचे तेव्हाचे सचिव सत्कार समारंभांतून सांगतात की त्यांच्या प्रसिद्धीमुळे त्या दिवशी विक्रमी तिकीटविक्री झाली. एका वार्ताहराने लिहिले की खेळाडू मुलीने फाटकावर येऊन पदर पसरला. पहिली गोष्ट असत्य आहे. दुसरी असत्य तर आहेच, शिवाय अपमानकारक आहे. ती मुलगी ट्रॅकसूटमध्ये होती, आणि ट्रॅकसूटला पदर नसतो. सचिव त्या वेळी मंडपामागे होते, वार्ताहर आलेच नव्हते. फाटकावर मी होतो. म्हणून हे लिहिणे मला भाग आहे.

माझा व्यवसाय गेट सांभाळण्याचा. नाटक असो, कुस्त्यांची दंगल असो की कबड्डी. मंडळ मैदान देते, कापडी कनात उभारते, संघ बोलावते. तिकिटे छापून घेणे, विकणे, फाटकावर अर्धे फाडून माणूस आत सोडणे आणि जमलेली रक्कम मंडळाच्या हवाली करणे हे माझे काम. आमचा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा माझ्या धंद्याचे दोन तुकडे झाले, परवानग्यांसाठी दोन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. पण काम सुटले नाही.

आमच्या धंद्यात गर्दी आणि गेट हे दोन वेगळे शब्द आहेत. गर्दी म्हणजे जमलेली माणसे. गेट म्हणजे खिडकीत पडलेला पैसा. सामान्य माणसाला वाटते की एक वाढले की दुसरे आपोआप वाढते. तसे मुळीच नाही. नामवंत खेळाडूचे नाव भिंतीवर लागले की आधी खुर्च्या खपतात, जमिनीवरची तिकिटे नंतर. कारण खुर्चीवाल्याला नाव पाहायचे असते आणि जमिनीवाल्याला खेळ. नामवंताचा सामना शेवटी ठेवावा लागतो, नाही तर तो आटोपताच मैदान ओसरते. आणि तो पहिल्याच दिवशी हरला तर दुसऱ्या दिवसाच्या खुर्च्या मोकळ्या राहतात. हे सगळे मला ठाऊक होते. आंधळगावात जे झाले ते मात्र मला ठाऊक नव्हते.

धानाची मळणी आटोपली होती. गावाबाहेरच्या मोकळ्या झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मंडळाने पुरुषांची कबड्डी स्पर्धा भरवली होती. महिलांचा सामना तोवर आमच्याकडे फुकट दाखवला जाई. खेळणाऱ्या मुलींना प्रवासखर्च, पोहे आणि नारळ मिळे. त्या वर्षी मंडळाला प्रणाली हवी होती. सिहोऱ्याकडची मुलगी. एका सरकारी खात्याच्या संघात पगारी खेळाडू होती आणि तिच्या चढाईचे नाव झाले होते. तिने यायचे कबूल केले, पण एका अटीवर. महिलांच्या सामन्याला तिकीट लावायचे, आणि त्या संध्याकाळचे गेट दोन्ही महिला संघांना वाटून द्यायचे. पुरुष संघांना जेवढे मिळते तेवढे होईपर्यंत मंडळाने त्यातून काही घ्यायचे नाही.

सचिव हसले होते. "बायकांच्या खेळाले कोन टिकीट काढते? पन येऊ द्या. फसली तं तिची तिले."

करार मी स्वतः लिहून घेतला. प्रणालीने आपल्या संघातल्या मुलींना शब्द दिला होता: माझ्या मामाच्या गावी चला, या वेळी रिकाम्या हाताने परतणार नाही. तिची आई आंधळगावची. त्या संध्याकाळी पणाला लागले होते ते एवढेच, त्या मुलीचा शब्द.

आणि नेमके तेच मामाचे गाव आडवे आले.

भोंगा लावलेली जीप आधी दोन दिवस गावोगाव फिरली. पुकारायचा मजकूर मी दिला होता. त्यात खेळाडूचे नाव, सामन्याची वेळ आणि तिकिटाचा दर होता. सचिवांनी त्याला स्वतःची ओळ जोडली: "आंधळगावची भाची येऊन राहिली हो! आपल्या भाचीचा खेळ पाहाले या!"

मी म्हणालो, "नातं पुकारू नका, खेळ पुकारा."

"काहून जी?" सचिव म्हणाले. "नात्यानंच तं पब्लिक येते."

काहून, ते मला तेव्हा सांगता आले नव्हते. एवढे मी मान्य करतो. पण विरोध मी केला होता, आणि सचिवांच्या भाषणात तो कधीच येत नाही.

पब्लिक आले. साडीचे व्यापारी आले, माग बंद करून विणकर आले, आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या आणि मोटारसायकली आल्या. सर्वांच्या पुढे शंकररावजी. हातमागावर आयुष्य घालवलेले, ताठ कण्याचे गृहस्थ. त्यांनी फाटकाच्या लाकडी बल्लीवर हात ठेवला आणि मघाचा प्रश्न प्रथम विचारला.

"शंकररावजी, तुम्ही तिचे सख्खे मामा?" मी विचारले.

"सख्ख्याहून जास्त. तिची माय मले राखी बांधे. एका गल्लीत वाढलो आमी."

मागून एक तरुण ओरडला, "हे मामा, तं आमी मामेभाऊ!"

"आन तू रे?" मी त्याच्या शेजाऱ्याला विचारले.

"मी मामेभावाच्या दोस्ताचा साळा."

हशा पिकला, पण खिशात हात कोणाचाही गेला नाही. कंजूषपणा होता असे मी म्हणणार नाही. हीच माणसे आदल्या रात्री पुरुषांच्या सामन्याला बिनतक्रार पैसे मोजून आली होती. पण आपण भाचीला देतो, भाचीकडून घेत नाही, आणि भाचीच्या दाराशी मोल तर मुळीच करत नाही. भोंग्याने पुकारून पुकारून आम्हीच त्यांना प्रेक्षक न ठेवता मामा केले होते.

सचिव धावत आले. "नामदेवजी, गेट खोलून द्या. कनात पडन, बदनामी होईन."

"आणि करार?"

"कराराले काय करता? गेटच नाई तं वाटाचं काय? पोरींले पोहे चारू, नारळ देऊ."

"गेट खोलणार नाही," मी म्हणालो. "आज खोललं तर उद्या तुम्हीच सांगान, बायकांच्या खेळाले टिकीट निघत नाई."

"अजी, तुमी गेटवाले हा का वकील?"

"आज दोन्ही."

त्यावर ते पुटपुटत मंडपामागे निघून गेले आणि पुढचे सर्व होईपर्यंत तिथेच राहिले. हे मी मुद्दाम नोंदवतो.

मी मुली जिथे तयार होत होत्या त्या शाळेच्या खोलीशी गेलो आणि प्रणालीला बाहेर बोलावले. लपवण्यात अर्थ नव्हता.

"काकाजी, बाहेर तं मोठा आवाज हाय," ती खुशीत म्हणाली. "फुल हाय ना?"

"गर्दी फुल आहे, बेटा. गेट नाही." आणि मी काय घडले ते सांगितले.

आतल्या मुली पायाला पट्ट्या बांधत हसत होत्या. तिने दार ओढून घेतले.

"मी या पोरींले सांगून आनलं काकाजी. यातल्या दोघी मजुरी पाडून आल्या." मग म्हणाली, "चला, मी येतो."

"माईकवरून बोलशील?"

"माईकवरून मामाले बोलत असते काय?"

ती फाटकावर आली. लोक आपोआप दोन बाजूंना झाले. आणि शंकररावजी वाकले, तिच्या पायाला हात लावून त्यांनी तो कपाळी नेला. आमच्या भागात मामा भाचीच्या पाया पडतो. वयाचा हिशेब तिथे नसतो. पण पाया पडलेला मामा तसाच उठत नाही. भाचीच्या हातावर काहीतरी ठेवतो, निदान एक नाणे. शंकररावजींचा हात सवयीने बंडीच्या खिशात गेला आणि नोट घेऊन बाहेर आला.

प्रणालीने आपला हात मागे घेतला.

"मामाजी, माझ्या हातावर नोका ठेवू. आज माझा हात थो हाय," ती म्हणाली आणि तिने तिकिटाच्या खिडकीकडे बोट दाखवले. "तिथं ठेवा. माझ्यासंगं अख्खी टीम हाय, तेच्याही हाती जाईन."

शंकररावजी खिडकीकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "किती ठेवू?"

"खुर्चीवर बसान तं खुर्चीचं. जमिनीवर बसान तं जमिनीचं."

"भाचीच्या खेळाले जमिनीवर बसीन काय मी?" ते करवादले आणि खिडकीपाशी गेले.

प्रणाली बाकीच्यांकडे वळली. "आन हे बाकीचे मामा? पाया पडाचे रायले का नुसते तोंडाचेच मामा हाय?"

काय हशा झाला! त्यानंतर रांग लावावी लागली नाही, ती लागली. प्रत्येक जण तिच्या पाया पडायला वाके, ती खिडकी दाखवी. मामेभावाच्या दोस्ताच्या साळ्यालाही सुटका नव्हती. मग माम्या पुढे आल्या. एक म्हणाली, "मामानं ठेवले ते मामाचे. मामीचं नाक वेगळं हाय." खुर्च्यांच्या पुढच्या दोन ओळी त्यांनी भरल्या.

वार्ताहरांनी "पदर पसरला" लिहिले ते याला. ती काहीही मागत नव्हती. मामा म्हणवून घेणाऱ्यांना मामाचे कर्तव्य सांगत होती. या दोहोंतला फरक ज्याला कळत नाही त्याने लिहू नये.

आता माझ्या वाट्याचे थोडेसे. लोक खिडकीत नोट टाकत आणि तिकीट न घेताच चालू लागत. "राहू द्या जी टिकीट, भाचीले देल्लं." मी बळीरामजींना बजावले: एकही नोट तिकिटाशिवाय घ्यायची नाही, आणि उरलेले पैसे परत द्यायचे. लोक रागावले. मला कोरडा म्हणाले. पण तिकिटाविना आलेला पैसा हा आहेर. तो मंडळाच्या देणगीत गेला असता आणि कोणाला किती द्यायचा हे सचिवांनी ठरवले असते. तिकीट फाटून आलेला पैसा हे गेट, आणि गेट कराराने बांधलेले होते. प्रणालीने नेमकी खिडकी दाखवली, देणगीची पेटी नाही, हे तिचे शहाणपण. ते शहाणपण वाया जाऊ दिले नाही, एवढे माझे.

सामना झाला. लोक सांगतात की प्रणालीने मैदान गाजवले. तेही खरे नाही. तिची पहिली चढाई पकडली गेली आणि सारे मामा एकदम हळहळले. ती त्या दिवशी साधारण खेळली. मैदान गाजवले तिच्याच संघातल्या एका बुटक्या मुलीने, जिचे नाव भिंतीवर नव्हते. ती घोटा धरी आणि समोरची खेळाडू जागची हलत नसे. घरी जाताना लोकांच्या तोंडी तिचे नाव होते. नामवंत माणसांना मैदानापर्यंत आणतो. त्यांना बसवून ठेवणारा बहुधा दुसराच असतो.

गेट पुरुषांच्या दिवसाइतके आले. विक्रम वगैरे काही नाही. पण दोन्ही महिला संघांना माझ्यासमोर, करारातल्या शब्दाप्रमाणे वाटा मिळाला. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या दोघींनी पैसे रुमालात बांधले आणि प्रणालीकडे पाहून फक्त मान हलवली. ती मान मी पाहिली. सत्कारात मिळणाऱ्या शालींपेक्षा ती मोठी होती.

पुढच्या वर्षी महिलांच्या संध्याकाळी तिकीट असावे की नाही, ही चर्चा मंडळात झालीच नाही. आसपासच्या मंडळांनीही तेच केले. दोन हंगामांनंतर प्रणालीचे येणे थांबले, बुटकी मुलगी येत राहिली, आणि खिडकी चालू राहिली. माझ्या हाताखालून अनेक नामवंतांची गेटे गेली. ज्यांचे मी मनोमन आभार मानतो असे थोडे, आणि त्यांत ती पहिली.

धंद्यात येणाऱ्या नवीन माणसाला मी एवढेच सांगतो: नामवंताच्या नावाने माणूस घराबाहेर पडतो, पण खिशात हात घालायला त्याला वेगळे कारण लागते, आणि ते कारण भोंग्यावरून सापडत नाही. नातेच पुकारायचे असेल तर त्या नात्यात कोण कोणाला देतो हे आधी विचारून घ्यावे.

गावात आजही तिला सगळे भाची म्हणतात. मी प्रणालीबाई म्हणतो. मामा म्हणवून घ्यायला लागणारे त्या सामन्याचे तिकीट मी काढलेले नव्हते.