मंडळींनी घाई करू नये

गणूकाका कुठलीही वेबसाईट बंद करायचे ती पाटी लावूनच. महाडातल्या त्यांच्या एका खोलीच्या ऑफिसात एकच सर्व्हर होता आणि त्यावर तालुक्यातल्या अकरा जणांच्या वेबसाईटी नांदत होत्या. एखादीची दुरुस्ती निघाली की काका फक्त तिच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाईल टाकायचे. फाईल असेपर्यंत लोकांना काकांनी लिहिलेली पाटी दिसायची, काढली की सगळं पूर्ववत. दातांच्या डॉक्टरांसाठी त्यांनी लिहिलं होतं, ‘वेबसाईट तासभर बंद आहे. तेवढं थांबवत नसेल, तर सरळ दवाखान्यात या.’

काका मूळचे उमरठचे. हयात एसटी डेपोत गाड्या सोडण्यात गेली, निवृत्तीनंतर भाच्याकडून हे शिकले. मी जवळच्या नाते गावाहून नवीन कामाला येऊ लागले आणि पहिल्याच आठवड्यात मिठाईवाल्याच्या वेबसाईटसाठी अख्खा सर्व्हर बंद केला. उरलेल्या दहाही जणांचे फोन आले. सगळ्यांची समजूत घालून काका माझ्याकडे वळले. “एक गाडी बिघडली म्हणून डेपोला कुलूप लावतात का गो? तिला बाजूला घ्यायची, बाकीच्या सोडायच्या.”

पुढे एकदा, आमच्याच सर्व्हरवरच्या वधूवर मंडळाच्या वेबसाईटवर मला माझा फोटो दिसला. बाबांनी न विचारता नाव घातलं होतं. माझं पदवीचं शेवटचं वर्ष बाकी होतं. मी रडकुंडीला आले. “काका, खोडून टाका ना!”

“दुसऱ्यानं लिवलेलं आपण खोडायचं नाय,” काका म्हणाले. “पण या वेबसाईटीत मला जरा बिघाड वाटतोय.”

बिघाड कसला! चांगली ठणठणीत होती. पण काकांनी फाईल टाकली आणि पाटी झळकली, ‘काम चालू आहे. मंडळींनी घाई करू नये.’

“काम तुझ्याकडं हाय,” ते मला म्हणाले. “बापाशी बोल. मग फाईल तूच काढ.”

मंडळाचे अध्यक्ष रोज फोन करायचे. काका गंभीरपणे सांगायचे, “पार्ट यायचाय.”

“कुठून?”

“नात्याहून.”

मी तोंडात ओढणी कोंबून हसायचे आणि घरी गेले की माझी दातखीळ बसायची.

चौथ्या दिवशी बाबा मोबाईलवर चडफडत होते, “हे चालू का होत नाय?”

“माझ्यासाठी बंद ठेवलंय,” मी म्हणाले. “मला आत्ता लग्न करायचं नाही. शिकायचंय.”

सकाळी मी निघताना बाबा मोबाईल पुढे करून म्हणाले, “चालू झालं की नाव काढायचं कसं, ते दाखव.” ऑफिसात जाऊन मी फाईल काढली.

काका गेल्या वर्षी गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकूंकडून कळलं, त्या चार दिवसांत अध्यक्षांनी काम काढून घ्यायची धमकी दिली होती. मला ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, “मला सांगितलं असतं, तर मी त्याच दिवशी बोलले असते.”

“मी तेच म्हटलं त्यांना,” काकू म्हणाल्या. “तर म्हणाले, नको. माझ्यापायी बोलंल. तिला तिच्यासाठी बोलू दे.”