बिनदुधाची वाटी

आमचे दूधवाले निवृत्तीभाऊ एका सकाळी दूध घालून झाल्यावर गेलेच नाहीत. किटलीचं झाकण लावून दारातच उभे राहिले. एरवी त्यांना थांबायला वेळ नसे. मखमलाबाद रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीतली घरं उरकून त्यांना गोठ्यावर परत पोचायचं असायचं. मी विचारलं, "काय झालं, भाऊ?" तेव्हा त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. "ताई, हे असं वाटीत घट्ट करायचंय. दूध नाय घालायचं, दही नाय, मध बी नाय. पोरगी म्हणती, असं काही दिलं तर खाईन. तुम्हाला येतं का?"

मोबाइलवर एका लाकडी वाटीत जांभळं, गुळगुळीत काहीतरी होतं आणि त्यावर फळांच्या चकत्या ओळीने मांडल्या होत्या. स्मूदी बाउल. कॉलेज रोडच्या हॉटेलांत मी तो पाहिला होता, केला कधीच नव्हता. "करून बघू," मी म्हणाले. ते तरीही हलले नाहीत. "आजच बघायचं का?" त्यांनी विचारलं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्यांचंच दूध. उंच, सडपातळ, कॅन उचलून उचलून एक खांदा उतरलेला. बोलणं इतकं हळू की कान द्यावा लागायचा. बायको लवकर गेली. मुलगी कोमल तेव्हा बालवाडीत होती. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. सकाळी कोमलला मोटरसायकलच्या टाकीवर पुढे बसवून, मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून ते फिरायचे आणि फेरी संपली की तिला शाळेत सोडायचे. तिच्या वेण्या तेच घालत. त्या कधी एका उंचीवर नसत.

म्हशींबद्दल बोलायला लागले की मात्र ते खुलत. "जोर केला की पान्हा चोरती," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "घाईनं, रागानं धार काढायला बसा, ती एक थेंब देनार नाय. जनावर असो का मानूस, त्याच्या मनानं घ्यावं लागतं." कोमलला ते याच रीतीने वाढवत आले. बारावीनंतर तिला शहरातल्या कॉलेजात घातलं तेव्हा भाऊबंदांनी नावं ठेवली. हे म्हणाले, "तिचं मन तिकडं हाय, मंग आपन काय करनार?"

त्या दिवशी ओट्याशी उभं राहून त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांच्या काजळी नावाच्या म्हशीला रेडा झाला होता. रेड्याला कोण पाजून मोठं करतं? चार थेंब त्याला, बाकी कॅनमध्ये. तो थंडीत मेला. रेडकू दिसेना म्हणून काजळी पान्हा सोडेना, तेव्हा भाऊंनी त्यांच्या वाडवडिलांनी जे केलं तेच केलं. रेडकाचं कातडं काढून त्यात पेंढा भरला, आणि धार काढताना ते तिच्यापुढे ठेवलं. काजळी ते चाटत राहायची आणि दूध द्यायची. सुट्टीला म्हणून गोठ्यावर आलेल्या कोमलने ते पाहिलं.

"काही बोलली नाय," भाऊ म्हणाले. "रडली बी नाय. नुसतं विचारलं, नाना, तिला कळत नसेल का? मी म्हनलो, कळलं असतं तर चाटलं असतं का? तर म्हणती, कळूनच चाटत असेल."

त्या दिवसापासून तिने दूध सोडलं. मग चहा, तूप, दही. इथपर्यंत भाऊंना काही वाटलं नाही. दुधाशिवाय जगणारी माणसं आहेतच की, असं ते म्हणत. पण मग भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. सुट्टी संपली तरी ती कॉलेजला परत गेली नाही. आणि अशात एका संध्याकाळी तिने स्वतःहून मोबाइलवरचं हे चित्र दाखवलं होतं. म्हणून ते माझ्या दारात थांबले होते.

मोबाइलवर मी कृतीचा व्हिडिओ शोधला, पण त्यातली निम्मी फळं आम्ही दोघांनी कधी पाहिली नव्हती. बदामाचं दूध घाला, असं त्यात सांगितलं होतं. भाव ऐकून भाऊ म्हणाले, "बदामाची म्हैस आपल्याला परवडायची नाय." मग आम्ही आपल्या बाजारातलं शोधलं. शेंगदाणे भिजत घालून वाटले आणि फडक्यातून गाळून त्यांचं दूध काढलं. डाग पडलेली केळी हातगाडीवाला संध्याकाळी स्वस्तात देऊन टाकतो. ती कापून माझ्या फ्रीजरमध्ये ठेवली. द्राक्षांचा हंगाम होता. पॅकिंगच्या शेडमध्ये घडावरून सुटलेले मणी पिशवी भरून मिळायचे. लाल भोपळा उकडून घातला की घट्टपणा येतो, हे आम्हाला तिसऱ्या खेपेला कळलं. पहिल्या खेपेला पन्हं झालं होतं. दुसऱ्या खेपेला बीट आणि पालक एकत्र फिरवला. भाऊंनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ताई, शेनाचा रंग आला."

मी हसले, तेही हसले. त्यांना हसताना मी पाहिलं ते त्या आठवड्यातच.

पालक वगळून नुसतं बीट ठेवलं आणि जमलं, तेव्हा रंग सुरेख गुलाबी आला. चमचा उभा राहील इतका घट्ट. भाऊंनी स्टीलच्या वाटीत ते मिश्रण काढलं, वर डाळिंबाचे दाणे, राजगिऱ्याच्या लाह्या आणि भाजलेले तीळ मांडले. दाणा न् दाणा बोटाने सरकवून नीट केला. धारा काढून राठ झालेली ती बोटं, आणि डाळिंबाचे इवलेसे दाणे. थर्माकोलच्या डब्यात वाटी ठेवून, डबा पोटाशी बांधून ते मोटरसायकलवर बसले.

दुसऱ्या दिवशी दूध घालताना म्हणाले, "खाल्लं. अर्धी वाटी खाल्ली. म्हणली, नाना, छान झालंय." एवढं सांगून ते पुढच्या घराकडे गेले, आणि पुढच्या घरीही तेच सांगताना मी ऐकलं.

काही आठवडे तसे गेले. मिक्सर फिरवायला ते आता घरीच शिकले होते. मला रोज बातमी मिळायची. आज पपई घातली, आज गाजर. आज वाटी संपवली, आज नुसते वरचे दाणे वेचले. हळूहळू बातमी दाण्यांवर आली, मग तीही थांबली. मी विचारायचं बंद केलं, कारण विचारलं की ते किटलीत बघत राहायचे.

एकदा मी कोमलला भेटायला गोठ्यावर गेले. उन्हात खाटेवर बसली होती, अंगावर स्वेटर. माझ्याशी चांगलं बोलली, मला चहा करू का म्हणून विचारलं. भाऊ वाटी घेऊन आले. तिने ती मांडीवर घेतली, चमचा भरला आणि तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, "काकू, मला खायचं असतं हो. नाना एवढं करतात. हात तोंडापर्यंत जातो आणि पुढे जात नाही." तिच्या आवाजात हट्ट नव्हता. स्वतःच्या हाताकडे ती दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघावं तशी बघत होती.

भाऊ तिच्या पायाशी बसले. "मी म्हशी काढून टाकतो, कोमल. समद्या विकतो. मंग खाशील?"

तिने विचारलं, "विकल्यावर त्या कुठे जातील, नाना?"

भाऊंना ते ठाऊक होतं, तिलाही होतं. वाटीतलं सगळं वितळून पातळ झालं.

शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा मनाचा आजार आहे, दूध सोडल्याने हे झालेलं नाही. ते निमित्त असेल किंवा तेही नसेल. औषधं दिली, बोलायला बोलावलं. भाऊ तिला मागे बसवून न्यायचे, बाहेर बाकावर बसून राहायचे. "डॉक्टर म्हणतात, येळ लागंल," ते मला सांगत. "येळ हाय कुठं पन?" आम्ही भोपळ्याने घट्ट केलं काय आणि केळ्याने केलं काय, वाटीत काय आहे यावर काहीच अवलंबून नव्हतं. हे मला कळलं होतं. त्यांनाही कळलं असावं. तरी ते रोज करायचे.

मग एक दिवस ते आले आणि ओट्याशी उभे राहून रडले. आदल्या दुपारी त्यांनी तिला जबरदस्तीने भरवलं होतं. एका हाताने हनुवटी धरली आणि चमचा दातांवर दाबला. तिच्या ओठाला लागलं. तिने ते सगळं ओकून टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. "माझ्या हातानं, ताई," ते म्हणत राहिले. "समद्या जन्मात म्हशीला कधी काठी लावली नाय मी." मी त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

पुढे तिला दवाखान्यात ठेवलं. नाकातून नळी घातली. भाऊ नर्सला विचारायचे, नळीतून जातं ते दुधाचं तर नाय ना? नर्स म्हणायची, "बाबा, आता ते बघायची वेळ आहे का?" तरी ते दर वेळी विचारायचे. कोमलच्या उशाशी जाऊन सांगायचे, "विचारलंय मी. बिनदुधाचं हाय." ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही. एका दुपारी, ते खाली औषधं आणायला गेलेले असताना तिचं हृदय थांबलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. भाऊ किटली घेऊन उभे. "म्हशींना सुतक कळत नाय, ताई," ते म्हणाले. "कास भरती. वरडत्यात." सुतकातलं दूध म्हणून काही घरांनी घेतलं नाही. त्यांनी कुणाला आग्रह केला नाही. उरलेलं कालव्यात ओतून आले.

त्यानंतर त्यांनी एकही म्हैस पुन्हा गाभण राहू दिली नाही. एकेक करून सगळ्या आटल्या, आणि आमचं दूध पिशवीचं झालं. विकल्या मात्र नाहीत. व्यापारी येऊन गेले, भाऊबंद वेडा म्हणून गेले. चाऱ्यासाठी त्यांनी एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. भाकड जनावरं पोसायला माणूस नोकरी करतो, यावर कॉलनीत थोडे दिवस बोलणं झालं, मग तेही संपलं.

मला ते शेवटचे भेटले शहरातल्या द्वारका चौकात. निळा गणवेश अंगावर लोंबत होता, ड्युटीवर निघाले होते. मी त्यांना रस्त्याकडेच्या मिसळीच्या टपरीवर बळेच बसवलं. दोन प्लेट आल्या. तर्री, फरसाण, वर कांदा. ते बराच वेळ प्लेटकडे बघत राहिले.

"घ्या ना, भाऊ. निवेल."

"भूक लागती, ताई," ते म्हणाले. "तिला अग्नी देऊन आलो, त्या संध्याकाळी बी लागली व्हती. रोज लागती. लय लाज वाटती या भुकेची."

मग त्यांनी पाव मोडला, रश्शात बुडवला आणि मान खाली घालून खायला लागले. शेवटपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही. प्लेट पावाने पुसून घेतली आणि कामाची वेळ झाली म्हणून उठून गेले.